बीएमडब्ल्यू झेड८, २००१ ची, फक्त ४,१०० किमी... घ्यावी का?

मंदगती
माझा मामेभाऊ गेला महिनाभर एका जाहिरातीने झपाटलाय. बीएमडब्ल्यू झेड८ (दोन सीटची, उघड्या छताची स्पोर्ट्स कार), २००१ ची, चंदेरी रंग, आत काळं-लाल लेदर, पहिल्यापासून एकच मालक आणि ओडोमीटरवर ४,१०० किमी. एक्केचाळीसशे, शून्य खाल्लेलं नाही. हार्डटॉप (वरून बसवायचं कडक छत), तो ठेवायचा स्टँड, दोन्ही किल्ल्या, सर्व्हिसचं पुस्तक, सगळं सोबत देतो म्हणतोय. किंमत लिहीत नाही, विचारूही नका, उगाच धागा भरकटेल.

भाऊ म्हणतो ही जवळजवळ नवीनच गाडी आहे, अशी संधी परत येत नाही. वहिनी म्हणते इतकी वर्षं उभी राहिलेली गाडी, आतून काय झालं असेल देव जाणे. दुसरी एक झेड८ पण विकायला आहे, ५२,००० किमी चाललेली, दोन मालक, बऱ्यापैकी स्वस्त, पण भाऊ तिच्याकडे ढुंकून बघत नाहीये. मला गाड्यांमधलं कळतं असा घरात समज आहे म्हणून निवाडा माझ्याकडे आलाय. तर सांगा, कमी किमी म्हणजे खरंच चांगली गाडी का? आणि बघायला गेलो तर नक्की काय काय बघायचं?

अश्वशक्ती
झेड८!!! अरे फोटो तरी टाकायचा.
ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, १९९७ च्या टोकियो मोटर शोमध्ये झेड०७ नावाची कॉन्सेप्ट दाखवली होती, लोकांनी ती इतकी उचलून धरली की कंपनीने जवळजवळ तशीच बनवून विकायला काढली. २००० ते २००३, एकूण ५,७०३ गाड्या, बस. अ‍ॅल्युमिनियमची स्पेसफ्रेम, बाहेरचं डिझाइन हेन्रिक फिस्करचं, १९५० च्या दशकातल्या बीएमडब्ल्यू ५०७ ची आठवण यावी असं. इंजिन त्या वेळच्या बीएमडब्ल्यू एम५ मधलं एस६२, ४.९ लिटर व्ही८, ४०० हॉर्सपॉवर, आठ सिलिंडरना आठ वेगळे थ्रॉटल. गिअरबॉक्स फक्त ६ स्पीड मॅन्युअल, स्टिअरिंग फक्त डावीकडे. मागचे दिवे निऑनचे. घ्यावी का हा प्रश्नच नाही, भावाला सांग मला ड्रायव्हर ठेव, पगार नको.

खोडसाळ
पाव शतकात ४,१०० किमी. माझी ट्रेडमिल याहून जास्त चाललीये आणि तिच्यावर मी कपडे वाळत घालतो.

तेलकट_हात
वहिनींना माझा नमस्कार सांगा, त्यांना गाड्यांमधलं जास्त कळतं.

ओडोमीटर फक्त चाकं किती फिरली ते सांगतो. रबर, सील, होस, ब्रेक ऑइल, टायर, बॅटरी यांना ओडोमीटर दिसत नाही, त्यांचं वय कॅलेंडरवर वाढतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं म्हणून ते साधारण दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, गाडी चालो न चालो, नाहीतर कॅलिपरचा पिस्टन आतून गंजतो आणि जॅम होतो. पेट्रोल टाकीत पडून राहिलं की त्याचा चिकट थर बसतो, पंप आणि इंजेक्टर तुंबतात, आणि त्यात इथेनॉल असेल तर पाणीही धरतं. एसीच्या कॉम्प्रेसरचं सील कोरडं पडतं आणि गॅस निघून जातो. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटल्याचं पण पाहिलंय मी, गिअरच पडेना.

पहिलं काम टायर बघा. साइडवॉलवर (टायरच्या बाजूवर) 'DOT' अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. खोली भरपूर दिसेल, फसू नका, इतक्या जुन्या टायरचं रबर दगडासारखं झालेलं असतं आणि ४०० घोडे मागच्या चाकांवर आहेत, त्यात आजच्या गाड्यांसारखं सगळं सांभाळून घेणारं इलेक्ट्रॉनिक्स नाही.

दुसरं, आणि हे झेड८ चं खास दुखणं. बॉनेट उघडून पुढच्या दोन्ही शॉक टॉवरचा (शॉकअ‍ॅब्सॉर्बर वर जिथे बॉडीला बसतो ती जागा) वरचा भाग बघा. जोरात खड्डा बसला की तिथलं अ‍ॅल्युमिनियम वर उचललं जातं. या गाडीला कंपनीतून रनफ्लॅट (पंक्चर झाले तरी थोडं अंतर चालणारे) टायर यायचे, त्यांची साइडवॉल कडक, त्यामुळे धक्का सरळ वर जातो. एक लोखंडी पट्टी घेऊन टॉवरवर आडवी ठेवा, खाली उजेड दिसतो का बघा. तीन बोल्ट असतात, ते एका पातळीत आहेत की एखादा तिरका झालाय ते पण बघा. बॉनेट आणि फेंडरमधली फट दोन्हीकडे सारखी हवी. यातलं काही वाकडं असेल तर बाकी गाडी कितीही चकचकीत असो, निघून या.

पानगळ
टायमिंग बेल्ट कधी बदललाय ते विचारा आधी!! बेल्ट वयानेच जातो, तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून इंजिन संपलं.

गिअरबदलू
@पानगळ, एस६२ ला बेल्ट नाही, चेन आहे. तुम्ही म्हणताय तो त्रास बेल्टवाल्या इटालियन गाड्यांना, फेरारी ३५५ मध्ये तर बेल्ट बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवतात. आणि फेरारीच्याच एफ४० मध्ये पेट्रोलची टाकी म्हणजे रबरी पिशव्या, त्या ठरावीक वर्षांनी बदलाव्याच लागतात, एक किमी न चालवता सुद्धा. त्या मानाने झेड८ सोशिक आहे. एस६२ मध्ये बघायचं ते व्हॅनोस (व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी बीएमडब्ल्यूची यंत्रणा), कॅमचे सेन्सर, एअर फ्लो मीटर. थंड इंजिन सुरू केल्यावर पहिली काही सेकंदं कान देऊन ऐका, खडखड किती वेळ राहते ते. म्हणून जाताना विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवायचं की आम्ही येईपर्यंत सुरू करू नका. गेल्यावर बॉनेटला हात लावायचा. गरम असेल तर काहीतरी लपवलंय असं समजा.

हिशोबनीस
तुम्ही सगळे मेकॅनिकच्या डोळ्यांनी बघताय. या पातळीवरची गाडी म्हणजे वाहन नाही, संग्रहातली वस्तू आहे आणि तिथे आकडाच विकला जातो. २०२१ मध्ये पेबल बीचच्या लिलावात एक मॅक्लॅरन एफ१ गेली, एकूण १०६ बनल्या त्यातली, चाललेली ४०० किमीपेक्षा कमी. त्या मॉडेलसाठी तोवरचा सगळ्यात जास्त भाव तिला मिळाला. तशीच, तितकीच सुंदर पण रस्त्यावर वापरलेली एफ१ त्या आकड्याच्या जवळ सुद्धा जात नाही. टायर, होस, पंप बदलता येतात, गेलेले किमी परत येत नाहीत. भावाने डोळे झाकून घ्यावी, फक्त कागद बघावेत.

रानवारा
आणि घेऊन काय करावं? झाकून ठेवावी?
मंदगती, भावाला एकच प्रश्न विचार, चालवणार आहेस का? चालवणार असेल तर ४,१०० वाली त्याच्यासाठी शिक्षा आहे. प्रत्येक वेळी किल्ली हातात घेताना डोक्यात हिशोब सुरू होणार, आज साठ किमी म्हणजे किमतीतून इतके गेले. पाच वर्षांनी ती ९,००० वर येईल, मग ती ना 'जवळजवळ नवीन' राहणार ना मनसोक्त चालवलेली. ज्या आकड्यासाठी एवढे पैसे मोजले तोच तो स्वतःच्या हाताने खोडणार. ५२,००० वालीला ६०,००० केलं तर कोणाला फरक पडतो?

अश्वशक्ती
+१ रानवारा. एस६२ हे मारून मुटकून चालवायचं इंजिन आहे, ६,६०० आरपीएमला पूर्ण ताकद येते, छत खाली केल्यावर जो आवाज येतो ना...

हिशोबनीस
@रानवारा, मग भिंतीवर लावलेलं चित्र काय कामाचं असतं? काही लोकांना नुसतं बघण्यात आनंद असतो, असू दे की.

रानवारा
चित्राला क्लच नसतो.

ऋतुगंध
मला गाड्यांमधलं ओ की ठो कळत नाही पण फोटो शोधून बघितले आणि प्रेमात पडले. स्टिअरिंगचे ते बारीक तारांसारखे स्पोक! आणि मीटर सगळे डॅशबोर्डच्या मधोमध का आहेत? ड्रायव्हरला वेग दिसू नये म्हणून?

गिअरबदलू
ऋतुगंध ताई, स्टिअरिंगमधून पुढचा रस्ता आणि लांब बॉनेट तेवढं दिसावं, मध्ये काही येऊ नये अशी कल्पना. मीटर ड्रायव्हरकडे थोडे वळवलेले आहेत. शेजारी बसणाऱ्याला मात्र वेग व्यवस्थित दिसतो, त्यामुळे लग्न झालेल्यांसाठी धोकादायक डिझाइन आहे.

चाकोरीबाहेर
वहिनींना म्हणूनच नको असेल :)

सुखवस्तू
थोडं अवांतर. माझ्याकडे जुनी स्पोर्ट्स कार आहे (कुठली ते राहू दे), ती मी फारशी बाहेर काढत नाही पण दर रविवारी न चुकता पाच मिनिटं सुरू करून ठेवतो. उत्तम अवस्थेत आहे. थोडी काळजी घेतली की उभी गाडी बिघडत नाही.

तेलकट_हात
सुखवस्तू, राग मानू नका पण पाच मिनिटं सुरू करून बंद करण्यापेक्षा अजिबात सुरू न केलेली बरी. पेट्रोल जळलं की पाण्याची वाफ होते, थोडी तेलात उतरते, बाकीची सायलेन्सरमध्ये साठते. तेल नीट तापलं तरच ती उडून जाते आणि उभ्या गाडीत पाच मिनिटांत काही तापत नाही, नुसतं कूलंट गरम होतं. त्यातून हे इंजिन १०डब्ल्यू-६० सारखं जाड तेल पिणारं असेल तर विचारूच नका. एक तर अर्धा तास रस्त्यावर फिरवून आणा, नाहीतर बॅटरीला मेंटेनर लावून शांत झोपू द्या.

सुखवस्तू
बरीच वर्षं करतोय, काही झालेलं नाही.

तेलकट_हात
सायलेन्सर खालून टिचकी मारून बघा एकदा.

टोपणनाव_सुचेना
मुळात ४,१०० खरे आहेत कशावरून? डिजिटल आकडा मागे फिरवणं काही अवघड काम नाही.

गिअरबदलू
योग्य मुद्दा. आकडा एकट्याने कधीच खरा नसतो, आजूबाजूच्या गोष्टी त्याला साक्ष द्यायला हव्यात. ड्रायव्हर सीटची दाराकडची कड, क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर, गिअरच्या मुठीवरचं लेदर, पुढच्या बंपरवर आणि काचेवर खडे लागल्याच्या बारीक खुणा. ४,००० किमीच्या गाडीत पेडलच्या रेघा अजून टोकदार असतात, अंगठा फिरवून बघ. त्या काळच्या ५ आणि ७ सिरीजमध्ये किमीचा आकडा मीटरमध्ये आणि लाइटच्या मॉड्यूलमध्ये असा दोन ठिकाणी साठवलेला असायचा, म्हणून या जमान्यातली बीएमडब्ल्यू कळणाऱ्या माणसाकडून स्कॅन करून घ्यायची. आणि सगळ्यात मोठा साक्षीदार म्हणजे सर्व्हिसची बिलं. प्रत्येक बिलावर तारीख आणि किमी असतात, ते ओळीने चढत गेलेले दिसले पाहिजेत.

पेंट मीटर नेणार असशील तर अ‍ॅल्युमिनियमवर चालणारा ने. साधा चुंबकवाला फक्त लोखंडी पत्र्यावर चालतो, इथे काहीच वाचणार नाही आणि तू म्हणशील रंगच नाही गाडीला.

मंदगती
सगळ्यांचे आभार, वहिनी धागा वाचतेय आणि घरात तिचं वजन वाढलंय. आम्ही काल जाऊन आलो. रिपोर्ट:

टायरवर पुढे ४६०० आणि मागे ४८००. म्हणजे २००० सालच्या शेवटचे, गाडीबरोबर आलेले. बोटाने दाबले तर खरंच दगड. गाडी मात्र काय सांगू, दार उघडल्यावर अजून लेदरचा वास येतो. पेडलच्या रेघा टोकदार आहेत, अंगठा फिरवला. पट्टी घेऊन गेलो होतो, दोन्ही टॉवर सपाट, बोल्ट सरळ, फटी सारख्या. बॉनेट थंड होतं, सुरू केल्यावर थोडी खडखड झाली आणि लगेच थांबली.

पुस्तकात २००४ पर्यंत दरवर्षी शिक्का आहे आणि तोपर्यंतच ३,३०० किमी झालेत. मग २००९ पर्यंत अधूनमधून. त्यानंतर एकदम २०१६. मधली सात वर्षं कोरी. मालक आजारी होते, गाडी झाकून होती असं सांगितलं. २०१६ चं बिल आहे, त्यात बॅटरी, ब्रेक ऑइल, पेट्रोलचा पंप, कूलंट. त्यानंतर परत नियमित.

आता खरी गंमत. टेस्ट ड्राइव्ह मागितली तर म्हणे नाही. का? तर किमी वाढतील.

खोडसाळ
😂😂😂 इग्निशन बंद ठेवून ढकलत न्या म्हणावं, मग नाही वाढत.

ऋतुगंध
म्हणजे गाडी विकायची आहे पण ती गाडी आहे हे सिद्ध करायचं नाही?

हिशोबनीस
हसू नका, या बाजारात हे चालतं. इतक्या कमी चाललेल्या गाड्या ट्रेलरवरून येतात आणि ट्रेलरवरूनच जातात. विकणाऱ्याचं म्हणणं त्याच्या जागी बरोबर आहे, दहा गिऱ्हाइकांनी वीस वीस किमी फिरवली तर त्याचं नुकसानच.

चाकोरीबाहेर
रोलरवर चालवून बघायची मग.

गिअरबदलू
रोलरवर पण आकडा वाढतो, स्पीडोला सिग्नल चाकाच्या सेन्सरकडूनच मिळतो. सुटका नाही.

तेलकट_हात
हिशोबनीस, दहा गिऱ्हाइकांना नका देऊ, पण ज्याने बयाणा द्यायची तयारी दाखवलीये त्याला तरी द्याल? न चालवता क्लच कसा कळणार, गिअर दुसऱ्यातून तिसऱ्यात कसा जातो, ब्रेक एका बाजूला ओढतो का, डिफरन्शियल ओरडतंय का? अर्थात त्या टायरवर मी स्वतः चालवणार नाही आणि तुम्हीही चालवू नका. आधी टायर बदला, जुने चारही जपून ठेवा, पुढे कधी विकताना 'मूळ टायर सोबत' म्हणून त्यांना पण भाव येतो.

मला खटकतंय ते वेगळंच. २०१६ च्या बिलात पंप बदललाय पण टाकी साफ केल्याचं लिहिलेलं नाही, इंजेक्टरचंही नाही. सात वर्षं पेट्रोल पडून पंप गेला असेल तर टाकीच्या तळाशी काय होतं? नवा पंप तेच ओढत बसला असणार. सिलिंडरमध्ये बोअरस्कोप (आत घालायचा बारीक कॅमेरा) घालून भिंती बघून घ्या, उभ्या गाडीत एखाद्या सिलिंडरमध्ये गंजाचा पट्टा आलेला असतो. यातल्या कुठल्याच तपासणीने एक मीटर पण वाढत नाही, त्यामुळे विकणाऱ्याला नाही म्हणायला कारण नाही. नाही म्हणाला तर उत्तर मिळालं.

पानगळ
स्पेअर पार्ट मिळतात का पण? एवढ्या कमी बनलेल्या गाडीचे?

अश्वशक्ती
इंजिनचे बरेचसे एम५ चेच, त्यामुळे ती चिंता कमी. बाकीचं म्हणशील तर गाडी आली तेव्हा कंपनीने ५० वर्षं पुरतील एवढे पार्ट ठेवू असं म्हटलं होतं. पण बॉडीचं किंवा निऑनच्या दिव्याचं काही निघालं तर पार्ट हातात येईपर्यंत केस पिकतात आणि बिल बघून गळतात.

मॅन्युअल_नको
मला तर अल्पिनाने (बीएमडब्ल्यूच्या गाड्यांवर काम करून विकणारी कंपनी) बनवलेली झेड८ ची आवृत्ती जास्त आवडते, ५५५ च बनल्या, ऑटोमॅटिक आणि रनफ्लॅट पण नाहीत तिला. आरामात फिरायला ती बेस्ट.

अश्वशक्ती
@मॅन्युअल_नको, नावातच सगळं आलं, पुढे बोलत नाही.

रानवारा
लोकहो मूळ मुद्दा राहतोय. मंदगती, विकणारा तुला त्याचं भविष्य दाखवतोय बघ. तोही कधीतरी ती चालवायलाच घेऊन आला होता, २००४ पर्यंत ३,३०० किमी मारले म्हणजे आवड होती. मग आकडा इतका महाग झाला की गिऱ्हाइकाला सुद्धा हात लावू देत नाहीये. भाऊ पण हेच करणार.

हिशोबनीस
किंवा मालक खरंच आजारी होते. प्रत्येक गोष्टीत तत्त्वज्ञान कशाला.

तरी एक मान्य, सात वर्षांची पोकळी आणि ड्राइव्हला नकार हे दोन्ही एकत्र असेल तर भाव उतरलाच पाहिजे. पूर्ण किंमत द्यायची तर पूर्ण इतिहास हवा. आणि घेतलीच तर विमा ठरवलेल्या किमतीचा घ्या, नेहमीचा घेतला तर काही झाल्यावर जुनी रोडस्टर म्हणून हातावर चणे-फुटाणे ठेवतील.

मंदगती
अपडेट. बोअरस्कोपला विकणारा 'विचार करून सांगतो' म्हणाला, अजून विचार चालू आहे. तोवर वहिनीने परस्पर ५२,००० वालीची वेळ ठरवली आणि आम्हाला घेऊन गेली. त्या माणसाने काही न बोलता किल्ली हातात दिली. भाऊ गेला तो पाऊण तासाने आला, केस सगळे उभे, आणि पहिलं वाक्य काय, तर तिसऱ्यावर बोगद्यात काय आवाज येतो. जाहिरातीचं नाव नाही त्यानंतर.

गाडी वापरलेली दिसते. सीटची कड घासलीये, पुढच्या बंपरवर खड्यांच्या खुणा भरपूर. टायर दोन वर्षांपूर्वीचे, साधे, रनफ्लॅट नाहीत. बिलांची जाड फाइल आहे, व्हॅनोसचं काम झालंय, क्लच नवा, दोन्ही टॉवरना जोडणारा बार बसवलाय. पण पट्टी ठेवली तर डावीकडे सपाट आणि उजवीकडे किंचित उजेड दिसतोय असं मला वाटलं. भाऊ म्हणतो तुला उगाच दिसतंय.

तेलकट_हात
प्रेमात पडलेल्या माणसाला पट्टी धरायला देऊ नका. बार बसवलाय तो आधीपासून खबरदारी म्हणून की काही झाल्यावर, ते फाइलमध्ये तारखेने शोधा, त्याच्या आसपास अलाइनमेंटचं किंवा रिमचं बिल आहे का बघा. उजव्या टॉवरचे फोटो टाका, तिन्ही बोल्ट दिसतील असे, वरून एक आणि बाजूने एक, डावीकडचे पण तेवढ्याच अंतरावरून. रंग नीट बघा तिथला, सीलरला बारीक चीर गेलीये का ते. किंचित म्हणजे किती त्यावर सगळं आहे, नुसता वरचा पत्रा असेल तर दुरुस्त होतो, फ्रेमपर्यंत गेलं असेल तर अ‍ॅल्युमिनियम वेल्ड करणारा खास माणूस लागेल आणि तो खर्च आजच किमतीतून वजा करून मागायचा.

मंदगती
फोटो उद्या सकाळी टाकतो. बार २०११ चा आहे, त्याच महिन्यात पुढच्या उजव्या रिमचं बिल निघालं. वहिनीने शोधलं.

खोडसाळ
वहिनींना इथलं सभासदत्व द्या कोणीतरी.